पवळाबाईचें ऋण कोण फेडणार?

(रेणापूर येथें नवरात्रानिमित्त जमलेल्या स्त्रीपुरुषांच्या सभेंत एका सेवानिवृत्त शिक्षिकाबाईंनीं केलेलें भाषण. अनेकांच्या आग्रहावरून येथें देत आहों.)



आपण मला देवीच्या दारीं बोलावलें आणि "बाई, स्त्रियांच्या उन्नतीवर दोन शब्द सांगा" असें म्हटलें. उन्नतीवर बोलणारी विद्वान मंडळी पुष्कळ आहे. मी आज अशा बायांवर बोलणार आहें, कीं ज्यांच्याविषयीं सभेंत कोणी बोलत नाहीं. त्या म्हणजे तमाशाच्या बोर्डावर नाचणाऱ्या बाया. हा शब्द उच्चारतांच मागें बसलेलीं कांहीं पोरें हसलीं, तें मला दिसलें. हसूं द्या त्यांना. त्या हसण्याविषयींच मला बोलावयाचें आहे.

आपल्या गांवाची ही देवी रेणुका. तिची कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. नवऱ्याला तिच्या मनाचा संशय आला, म्हणून त्यानें लेकाला आज्ञा केली, आणि लेकानें परशु उचलून आईचें डोकें उडविलें. बाईनें कांहीं केलें नव्हतें. तिच्या नुसत्या मनांत कांहीं आलें, एवढ्यावर ही शिक्षा! त्या लेकाचें कौतुक करणारे शास्त्री-पुराणिक कैक झाले. पण आपल्या आया-आज्यांनीं त्या आज्ञाधारक लेकाला बाजूला ठेवलें आणि मारलेल्या आईला देव मानलें. माहूरगडावर आजही देवीचें मुखच पुजलें जातें. आणि त्या आईपुढें आराधी बाया, जोगतिणी, संबळाच्या तालावर नाचत आल्या. ज्या बाईला घरच्या पुरुषांनीं बदनाम केलें तिच्यापुढें नाचणें आपल्याला पवित्र वाटतें. मग तीच बाई पोटासाठीं चाळ बांधून बोर्डावर उभी राहिली, कीं ती बदनाम कां होते? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर थोडा इतिहास पाहावा लागेल.

पठ्ठे बापूराव हें नांव ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं हात वर करावे. बरेच हात वर झाले. आतां पवळाबाई हिवरगांवकर हें नांव ज्यांना ठाऊक आहे त्यांनीं वर करावे. चारच हात दिसतात, आणि त्यांतले दोन म्हाताऱ्या बायांचे आहेत. आपलें दुखणें येथेंच आहे.

पवळाबाई ही नगर जिल्ह्यांतील संगमनेरजवळच्या हिवरगांव पावसा गांवची. जन्म १८७० सालचा. जात महार, आडनांव भालेराव. आईबापांनीं तिला लहानपणींच जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून वाहिली. मुरळी होणें म्हणजे काय, हें या सभेंतील बायांना मीं सांगावयास नको. देवाशीं लग्न लागलें म्हणजे माणसांतल्या कोणाशीं लग्न नाहीं. आणि लग्न नाहीं म्हणजे कोणाही पैसेवाल्याची तिच्यावर नजर. लेकीच्या जन्माचा निकाल तिला कळूं लागण्यापूर्वींच लागलेला. पण या मुलीच्या गळ्यांत गोडवा होता आणि पायांत ताल होता. ती तमाशाच्या फडांत आली.

त्या काळीं तमाशांत बाईचें काम पुरुषच करीत असे. मिसरूड न फुटलेल्या पोराला लुगडें नेसवून उभें करीत. त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. तमाशाच्या बोर्डावर उभी राहून नाचणारी पहिली स्त्री म्हणून पवळाबाईचें नांव घेतात. तिच्या मागून किती आल्या! तमाशा म्हटलें कीं आज डोळ्यांपुढें बाईच येते, पुरुष येत नाहीं. शंभर वर्षें हजारों कुटुंबांची चूल या नाचावर पेटली. ती वाट ज्या बाईनें पाडली तिचें नांव आपल्याला ठाऊक नसावें, ही गोष्ट साधी नाहीं.

पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्ण कुलकर्णी, वाळवे तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष येथले. ब्राह्मण घरांत जन्मून ते तमाशांत आले आणि महार-मांगांबरोबर राहिले, जेवले. आपल्या जातीचा रोष त्यांनीं सोसला. हें धैर्य थोडें नव्हे, आणि तें मी मोकळ्या मनानें कबूल करतें. त्यांची लावणी आणि पवळाबाईचा नाच व गळा, यांनीं मिळून महाराष्ट्र डोलविला. पुढें दोघांची फारकत झाली. पवळाबाई १९३९ सालीं वारली. बापूराव १९४५ सालीं गेले. मुंबईंतल्या फॉकलंड रोडाला आज पठ्ठे बापूराव मार्ग म्हणतात. शाहिराचें नांव रस्त्याला लागलें, तें लागावेंच. पण लावणी कागदावर पडून राहिली असती तर तिला कोण ओळखतें? ती ज्या बाईच्या पायांनीं गांवोगांव चालत गेली त्या बाईची वाट मात्र आपण विसरलों.

आतां एक अवघड गोष्ट सांगतें. १९२७ सालीं महाडच्या सत्याग्रहाच्या दिवसांत बापूरावांनीं आपल्या कांहीं खेळांचें उत्पन्न त्या कार्याला देऊं केलें, आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं तें घेतलें नाहीं. अस्पृश्य बायांना नाचवून मिळविलेला पैसा त्यांच्याच मानाच्या लढाईला लावणें त्यांना पटलें नाहीं. कोणी विचारील, कीं बाई, मग तुम्ही त्या नाचाचें गुणगान कशाला करतां? बाबासाहेबांनीं नाकारलें तें तुम्ही डोक्यावर घेतां काय?

बंधूंनो, मी या प्रश्नावर पुष्कळ दिवस विचार केला आहे. बाबासाहेबांचा नकार मला शंभर टक्के पटतो. त्यांनीं नाकारलें तें बाईला नव्हे, बाईच्या लाचारीला. जातीनें आणि दारिद्र्यानें जिला दुसरा धंदा ठेवला नाहीं तिच्या नाचावर दुसऱ्यानें दानशूर व्हावें, हें त्यांना नको होतें. पण आपण काय केलें? लाचारी नाकारण्याचें कष्टाचें काम बाजूला ठेवलें, आणि बाईलाच नाकारलें, कारण तें सोपें होतें. लाचारी होती तेथेंच राहिली. यात्रेंतला तमाशा चालू राहिला, पाहणारे आपणच राहिलों. फक्त नाचणारीला घरच्या उंबऱ्याबाहेर ठेवलें.

आपल्या चळवळीचाही हिशेब मांडतें. सत्यशोधक समाज १८७३ सालीं स्थापन झाला. त्याचा विचार खेड्यांत पोंचविला तो जलशांनीं. जलसा कोठून आला? तमाशांतून. तीच ढोलकी, तेंच तुणतुणें, तीच सवाल-जबाबाची रीत. पुढें १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्या मंडळींनीं आंबेडकरी जलसे उभे केले, तेही याच मुशींतून. जलसेकऱ्यांनीं अचकट-विचकट काढून टाकलें, हें योग्यच केलें. पण त्याबरोबर नाचणारी बाईही गेली. ढोलकी आपण घेतली, वग घेतला, तिचा प्रेक्षक घेतला. ती तेवढी बाहेर राहिली. तिच्याकडून घेतलेल्या हत्यारानें आपण लढलों, आणि तिलाच सांगितलें कीं तूं आमची नव्हेस. हें कर्ज नव्हे तर काय?

कायद्यांनीं कांहीं केलें नाहीं असें मी म्हणत नाहीं. शाहू छत्रपतींनीं करवीर राज्यांत १९२० सालीं मुली देवाला सोडण्याच्या चालीविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. आपण त्या वेळीं निजामाच्या राज्यांत. तो कायदा आपल्याकडे लागू नव्हता. सबंध महाराष्ट्रासाठीं देवदासी प्रथा नाहींशी करण्याचा नवा कायदा २००५ चा आहे. शाहू महाराजांच्या कायद्यानंतर पंचाऐंशी वर्षांनीं पुन्हा कायदा करावा लागतो, याचा अर्थ काय? अर्थ इतकाच, कीं चाल कायद्यानें बंद होते, पण त्या चालीनें ज्या बायांना जन्माला घातलें त्यांच्या पोटाची सोय कायद्याच्या कलमांत नसते. १९४८ च्या सुमारास मुंबई सरकारनेंही अश्लीलतेच्या नांवाखालीं तमाशावर बंदी घातली होती. फडांतलीं माणसें उपाशीं पडलीं, ओरड झाली, तेव्हां तमाशा सुधारण्यासाठीं समिती नेमली आणि अटी घालून खेळ पुन्हा सुरू झाले. आधीं बंदी, मग विचार, अशी ही रीत!

हें आपल्याकडेच झालें असें नाहीं. मद्रासकडे देवळांतल्या देवदासींनीं एक नाच कित्येक पिढ्या जपला होता. त्याला सदिर म्हणत. १९३५ सालीं रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण बाईंनीं तो नाच सभ्य लोकांपुढें करून दाखविला आणि पुढच्याच वर्षीं कलाक्षेत्र ही संस्था काढली. त्या नाचाचें भरतनाट्यम् हें नांव रूढ झालें. १९४७ सालीं मद्रास सरकारनें मुली देवाला वाहण्याची चाल कायद्यानें बंद केली. चाल गेली तें बरेंच झालें. पण नाचाला शाळा मिळाली, मान मिळाला, परदेशचे दौरे मिळाले. ज्यांच्या घरांतून तो आला त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या पायांतले चाळ सुटले. बालसरस्वतीसारखी एकादीच बाई त्या घराण्यांतून उभी राहिली, आणि तिला पद्मविभूषण मिळालें.

आपल्या पुण्यांत रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं नृत्यभारती काढली आणि कथ्थक नाच घरंदाज मुलींना शिकविला. त्यांनीं कष्ट केले, टीका सोसली. त्यांचें श्रेय मी तिळभर कमी करीत नाहीं. आज लातुरांत कोणाची लेक नाच शिकते, तेव्हां बाप अभिमानानें सांगतो. बरें आहे, सांगावेंच. पण याच बापाला लावणीच्या फडांतली मुलगी सून म्हणून चालेल काय, हें त्याच्या मनाला विचारा. पाय तेच, ताल तोच, घामही तोच. एकीला कलावंत म्हणतां, दुसरीला तमासगिरीण म्हणून नाक मुरडतां. फरक नाचांत आहे, कीं जातींत आहे? एवढा एकच प्रश्न घेऊन आपण घरीं गेलां, तरी मी आजचा दिवस सार्थकीं लागला म्हणेन.

आतां पवळाबाईच्या मागून आलेल्या तिघी बायांविषयीं थोडें सांगतें.

पहिली विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर. जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. भाऊ-बापूंच्या फडांत ती वाढली. तिची एक गोष्ट सर्वत्र सांगतात. दिवस भरले असतांही ती बोर्डावर होती. कळा आल्या तेव्हां कनातीमागें गेली, बाळंत झाली, दगडानें नाळ तोडली आणि राहिलेला खेळ पुरा करावयास पुन्हा उभी राहिली. ही गोष्ट ऐकून लोक "वाहवा, काय ही कलेची निष्ठा!" म्हणतात. मला मात्र ही गोष्ट ऐकवत नाहीं. नऊ महिन्यांच्या पोटुशीला खेळ करावा लागतो, तो निष्ठेपायीं कीं सुपारी परत द्यावी लागेल म्हणून? शेतांत बाळंत होणारी मजुरीण आणि कनातीमागें बाळंत होणारी विठाबाई या सख्ख्या बहिणी आहेत. चिनी युद्धाच्या काळांत याच बाईनें जवानांपुढें खेळ केले. राष्ट्रपतींकडून तिचा गौरव झाला. आणि २००२ सालीं ती वारली, तेव्हां शेवटच्या आजारांत औषधपाण्याच्या पैशांची चिंता तिला चुकली नव्हती. आज तिच्या नांवानें राज्य सरकार तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतें. मेल्यावर नांवाचा पुरस्कार आणि जिवंतपणीं इस्पितळाच्या बिलाची काळजी, ही आपली कदर!

दुसरी यमुनाबाई वाईकर. कोल्हाटी समाजांतली, १९१५ चा जन्म. लहानपणीं आईबरोबर रस्त्यावर नाचून पैसा मिळविला. पुढें बैठकीच्या लावणींत तिनें असें नांव काढलें, कीं बसल्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीं व हातांनीं ती अर्थ उलगडून दाखवी. लावणी म्हणजे अंगविक्षेप, असें म्हणणाऱ्यांनीं तिची अदाकारी पाहावयास हवी होती. २०१२ सालीं तिला पद्मश्री मिळाली. तेव्हां तिचें वय शहाण्णव वर्षांचें होतें. शंभरी ओलांडून २०१८ सालीं ती गेली.

तिसरी कांताबाई सातारकर. १९३९ चा जन्म, २०२१ चा मृत्यू. तमाशांत बाई नाचते, पण मालक पुरुष असतो, ही रीत तिनें मोडली. नवऱ्यामागें लेकरें पदरीं घेऊन तिनें स्वतःचा फड उभा केला आणि शेकडों पोटें सांभाळलीं. पवळाबाईनें बोर्डावर पाय ठेवला; कांताबाईनें बोर्डाची मालकी मिळविली. या दोन पावलांमध्यें साठसत्तर वर्षें गेलीं.

आतां माझ्या स्वतःच्या अपराधाची कबुली देतें. मी तरुण शिक्षिका असतांना याच भागांतल्या एका गांवांत नोकरीला होतें. यात्रेला तमाशाचा फड आला. फडाची राहुटी शाळेच्या पाठीमागें होती. सकाळीं एक आठनऊ वर्षांची मुलगी हापशावर पाणी भरावयास येई आणि वर्गाच्या खिडकीशीं उभी राही. तिसऱ्या दिवशीं मीं तिला आंत घेतलें. तिनें पाटीवर स्वतःचें नांव लिहून दाखविलें; ती फडाच्या ढोलकीवाल्याकडून अक्षरें शिकली होती. तिची आई मागून आली, हात जोडून म्हणाली, "बाई, हिला इथं ठेवून घेता का? माझी बहीण गांवांत राहील." मी हेडमास्तरांकडे गेलें. त्यांनीं रजिस्टर उघडलें आणि विचारलें, "बापाचें नांव?" ती बाई खालीं पाहूं लागली. हेडमास्तरांनीं रजिस्टर मिटलें. मी तेथें उभी होतें. मला तोंड होतें, पण मी बोललें नाहीं. नोकरी नवी होती, गांवांत नांव जाईल अशी भीति होती. दुसऱ्या दिवशीं राहुटी उठली.

पांचसहा वर्षांनीं मी माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेला गेलें होतें. तेथें एका फडाच्या कनातीबाहेर रंगविलेली पाटी होती आणि तिच्यावर तें नांव होतें. ती तीच मुलगी होती कीं नाहीं, हें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. मी आंत गेलें नाहीं. माझे पाय उचललेच नाहींत. "नाचणारीची मुलगी नाचणारीच व्हावयाची" असें लोक म्हणतात. पण तिला नाचणारी करण्यांत आम्हां शिक्षकांच्या मिटलेल्या रजिस्टराचाही वाटा असतो, हें कोणी सांगत नाहीं. तिला नाच आवडला असता तर ती खुशाल नाचती! पण निवड करण्याचा हक्क तिला होता, तो आम्हीं घेतला.

आज काळ बदलला आहे. कोल्हाटी समाजांतल्या एका मुलानें आईचें नांव लावून शिक्षण केलें, तो डॉक्टर झाला, आणि 'कोल्हाट्याचं पोर' हें पुस्तक त्यानें १९९४ सालीं जगापुढें ठेवलें. किशोर शांताबाई काळे हें त्याचें नांव. शांताबाई त्याची आई. ती नाचणारी होती. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें कागद नाहीं म्हणून कोणा मुलाला दारांतून परतवितां येत नाहीं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नांवांत आईचें नांव लावण्याचा निर्णय सरकारनें घेतला आहे. म्हणजे माझ्या हेडमास्तरांना आज तें रजिस्टर मिटतां येणार नाहीं. पण रजिस्टर उघडें असलें तरी मन मिटलेलें असेल, तर पोरगी खिडकीशींच उभी राहील.

म्हणून रेणापूरकरांनो, मी आपल्याकडे वर्गणी मागत नाहीं. चार गोष्टी मागतें.

पहिली: तमाशाचा फड गांवांत आला, कीं त्यांतल्या बायांना कपडे बदलण्यास आडोसा, प्यावयास पाणी आणि शौचाला जागा, ही सोय यात्रा कमिटीनें अगोदर करावी. देवीच्या मांडवाला लागतो त्याहून यांस थोडाच पैसा लागेल.

दुसरी: ठरलेली सुपारी पुरी द्यावी. पाऊस आला, गर्दी कमी झाली, असे बहाणे सांगून मजुरी कापूं नये. फडांतल्या माणसांनीं मालकाकडून उचल घेतलेली असते. तुम्हीं कापलेला रुपया शेवटीं त्या बाईच्या अंगावर कर्ज म्हणून चढतो. २०२० व २०२१ या दोन सालीं साथीमुळें यात्राच भरल्या नाहींत, तेव्हां त्यांनीं काय खाल्लें हें कोणी विचारलें होतें काय?

तिसरी: फडाबरोबर आलेलीं लेकरें जितके दिवस गांवांत असतील तितके दिवस शाळेंत बसवावीं. दोनच दिवस कां असेनात! मास्तरांनीं बोलवावें, आणि मास्तर विसरले तर बायांनीं आठवण द्यावी.

चौथी गोष्ट तरुण पोरांसाठीं आहे. शिट्टी वाजविण्यापूर्वीं एकदां त्या बाईच्या पायांकडे पाहा. शेकड्यांनीं घुंगरें बांधून ती रात्रभर उभी असते. तुमची आई दिवसभर तुरीच्या रानांत उभी असते, तशीच. कला आवडली तर दाद द्या, मनापासून द्या. तिला दाद हवीच असते. पण दाद आणि दावा यांत अंतर आहे, तें ओळखा.

पवळाबाईला देवाला वाहिली, तेव्हां तिला कोणी विचारलें नाहीं. विठाबाई कनातीमागें बाळंत झाली, तेव्हां खेळ थांबला नाहीं. माझ्या शाळेच्या खिडकीशीं एक मुलगी उभी राहिली, तेव्हां मी बोललें नाहीं. या तिन्ही ठिकाणीं पाहणारे आपणच होतों. पुढच्या वेळीं फड येईल तेव्हां आपण काय करतों, एवढेंच आतां आपल्या हातीं आहे. मी या गांवाला लागून राहतें. पुढच्या यात्रेला शाळेच्या दारांत येऊन पाहणार आहें.